साच्यातून सुटलेले शिपाई

टेबलावर दोन फ्रेंच शिपाई उभे आहेत. दोघेही १८१५ सालचे, दोघेही वॉटर्लूच्या वाटेवर. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर मेणकापडात गुंडाळलेली शॅको टोपी, पाठीवर कातडी पिशवी, खांद्याला बंदूक. उंची साधारण २८ मिलिमीटर. एकाच्या अंगात कथलाचा मिश्रधातू आहे, दुसऱ्याच्या अंगात पॉलिस्टायरिन. घडवणारे मात्र एकच : नॉटिंगहॅमचे ॲलन आणि मायकेल पेरी हे जुळे भाऊ. म्हणूनच ही जोडी मी कपाटातून काढली. दोन वेगळ्या मूर्तिकारांचे शिपाई शेजारी ठेवले की तुलना हातांची होते. एकाच घरातून उतरलेले दोघे शेजारी उभे केले की हात बाजूला होतो आणि उरते ते द्रव्य. एकच बंदिश आधी सारंगीवर आणि मग सतारीवर ऐकावी, तसे.

पाहण्याआधी हातात घ्यावेत. कथील पाण्याच्या सातपटीहून जड, पॉलिस्टायरिन पाण्यापेक्षा जेमतेम जड. धातूचा शिपाई उचलला की तळहाताला त्याची दखल घ्यावीच लागते, आणि टेबलावर ठेवला की ‘टक्’ असा बारीक, भरीव आवाज येतो. प्लास्टिकचा ठेवला तर काहीच होत नाही. हात मागे घेतल्यावर एकदा वळून पाहावे लागते, राहिला ना उभा? आमच्या घरी तर रंगवायला बसलो की पंखा बंद. नाहीतर चिकटवायची राहिलेली मुंडकी खुर्चीखाली शोधत फिरायचे.

हे वजन म्हणजे गुण की नुसती सवय, हा प्रश्न मी बरीच वर्षे स्वतःला विचारलाच नव्हता. वजन म्हणजे ऐवज, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. भांडे घेतानाही आई ते आधी हातात तोलून बघायची. पण असे शिपाई मांडून टेबलावर लढाया खेळायच्या या खेळात, वॉरगेमिंगमध्ये, वजनाला एकेकाळी खरोखरीचे काम होते. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्यातल्या लढाया खेळण्यातल्या शिपायांच्या होत्या आणि तोफांना स्प्रिंग होती. स्प्रिंग सोडली की लाकडाची कांडी सुटायची आणि शिपायाला लागली की शिपाई आडवा. पडला तो मेला. म्हणजे कोणाचा तळ रुंद, कोण किती जड, धक्का लागल्यावर कोण डळमळून पुन्हा उभा राहतो, हा युद्धनीतीचाच भाग होता.

आणि गंमत अशी की वेल्सचे शिपाई मुळात पोकळ होते. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये युक्ती काढली : वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, साचा फिरवायचा, भिंतीला लागून पापुद्रा धरला की आतले पातळ शिसे परत ओतून घ्यायचे. शिसे कमी, वजन कमी, किंमत कमी. त्या वेळी बाजार जर्मन भरीव शिपायांचा होता आणि भरिवापुढे पोकळ म्हणजे दुय्यम, असे म्हणणारे तेव्हाही असणारच. ‘हलके झाले, स्वस्त झाले, आता यात काय राहिले’ ही तक्रार प्लास्टिकच्या पुष्कळ आधीची आहे.

पुढे तोफेची जागा फाशांनी घेतली. डोनाल्ड फेदरस्टोनच्या १९६२ च्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकानंतर इंग्लंडात हा खेळ ज्या रूपाने पसरला त्यात गोळी कोणाला लागली हे फासे सांगतात आणि शिपाई हाताने उचलून बाजूला ठेवायचा असतो. टेप लावून अंतर मोजायचे, कोष्टक पाहायचे, फासे टाकायचे. वजन बेकार झाले. गिरणी बंद पडली तरी भोंग्याची आठवण राहावी, तसे ते आमच्या हातांत राहिले आहे.

माझा या प्रकाराशी संबंध जुळला तो कारखान्यामुळे. मी भोसरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे, म्हणजे आमच्या भाषेत डाय, बनवणे हे काम. ऐंशीच्या दशकात कंपनीने सहा महिन्यांसाठी इंग्लंडला धाडले, तिथले एक वयस्कर फोरमन गुरुवारी संध्याकाळी मला चर्चच्या सभागृहात घेऊन गेले. मला वाटले, प्रार्थना असेल. तर आत हिरव्या कापडाने झाकलेली टेबले, त्यांवर टेकड्या, कुंपणे, शेते आणि हजारभर शिपाई! चहा पिता पिता त्यांनी मला त्या जगाची वर्णव्यवस्था समजावून दिली. धातूचे ते मिनिएचर, प्लास्टिकचे ते खेळणे. मी दिवसभर प्लास्टिकच्या साच्यांशी झुंजून आलेलो. मला ते लागले. पण वाद घालण्याइतके माझ्याजवळ काही नव्हते. कारण प्लास्टिक म्हणून त्या सभागृहात जे होते ते बरेचसे पॉलिथीनचे होते.

पॉलिथीनबद्दल एक परिच्छेद लिहायला हवा, पण एकच. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीने त्याचे छोटे शिपाई काढले, सुमारे १/७२ प्रमाणातले, आणि ज्या पोरांना धातूची पलटण कधीच परवडली नसती त्यांच्या हातात खिशातल्या पैशांत आख्खी फौज आली. त्या पिढीने वॉरगेमिंग जगवले. पण द्रव्य म्हणून पॉलिथीन मेणचट. रंग धरत नाही, गोंद धरत नाही, चाकूने कापले तर लव सुटते. मी हौसेने रंगवलेला एक डबा (कोणाचा ते राहू दे) दुसऱ्या वर्षी वाकवून पाहिला तर शिपायांच्या गुडघ्यांवरून रंगाचे पोपडे निघाले. त्याच्यावरून प्लास्टिकला जोखणे म्हणजे डालडा चाखून तुपावर मत देणे.

पॉलिस्टायरिन वेगळे. आणि २००० च्या दशकाच्या अखेरीस पेरी बंधू आणि व्हिक्ट्रिक्स, वॉरलॉर्ड या कंपन्यांनी २८ मिलिमीटरचे ऐतिहासिक शिपाई कडक प्लास्टिकमध्ये आणले, तेव्हा फोरमनसाहेबांशी राहून गेलेला वाद पुन्हा सुरू करायला माझ्याकडे प्रथमच पुरावा आला. आता या दोघांकडे नीट पाहू. डोळ्याला भिंग लावून.

धातूच्या शिपायाचा डावा हात पाहा. तो छातीवरून आडवा गेला आहे आणि हात व छाती यांच्यामध्ये सावली आहे. रंगवलेली नाही, खरी. काडतुसांच्या पेटीचा पट्टा त्या हाताखाली शिरतो, दिसेनासा होतो आणि कमरेपाशी पुन्हा बाहेर येतो. मधल्या भागात पट्टा आहे की नाही हे बघायला मी एकदा टॉर्च लावला. आहे. कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत, पट्टा चालू आहे. ओव्हरकोटाची खालची कड वाऱ्याने थोडी उचलली गेली आहे आणि तिच्या आत खोबण आहे. रंगाचा पातळ हात दिला की तो आपणहून तिथे जाऊन बसतो.

हे धातूला कसे साधते? खरे सांगायचे तर धातूला साधत नाही, रबराला साधते. धातूच्या शिपायाचा साचा असतो व्हल्कनाइज्ड रबराचा, दोन जाड चकत्यांचा. मूळ शिपाई त्यांच्यामध्ये दाबून, तापवून, त्याचा ठसा घेतात. मग या चकत्यांना टाल्कम भुकटीचा हात, यंत्रावर गरगर फिरवणे, मधल्या भोकातून वितळलेला धातू. फिरण्याच्या जोराने तो कडेकडेला, टोपीच्या तुऱ्यापर्यंत, संगिनीच्या टोकापर्यंत धावतो. थंड झाल्यावर चकत्या उकलताना रबर वाकते. आत अडकलेली कड, हाताखालची फट, कोटाची खोबण यांना वळसा घालून ते अलगद सुटते, वाटाण्याची शेंग सोलताना साल सुटते तसे. आमच्या धंद्यात ज्याला अंडरकट म्हणतात, म्हणजे साचा सरळ ओढला तर जो भाग अडकेल तो, रबराला चालतो. अगदी कितीही नाही, पण चालतो.

पोलाद वाकत नाही. प्लास्टिकचा साचा पोलादाचा, दोन अर्ध्यांचा, आणि ते दोन अर्धे अगदी सरळ रेषेत एकमेकांपासून दूर जातात. मध्ये काही आडवे आले तर एकतर शिपाई तुटेल, नाहीतर साचा अडेल. म्हणून शिपायाची प्रत्येक भिंत थोडी तिरपी ठेवावी लागते, सुटायला सोपी जावी म्हणून. आता प्लास्टिकच्या शिपायाला समोरून पाहा : कोटाची बटणे, घड्या, गेटर्सचे बंद इतके कुरकुरीत की धातूवाला शेजारी उकडलेला वाटावा. मग त्याला हळूच कुशीवर वळवा. घड्या विरत जातात. पट्टा काखेपाशी येतो आणि कोटात विरघळतो. जिथे साच्याचे दोन अर्धे भेटतात त्या पट्टीत तपशील देणे पोलादाला जमत नाही, आणि तिथेच ती शिवण. समोरून पाहिले तर शिल्प, बाजूने पाहिले तर उठावचित्र. ज्याने साचे केले आहेत त्याला हा दोष दिसण्याआधी त्यामागची अडचण दिसते, आणि मग रसभंग होण्याऐवजी वेगळाच रस सुरू होतो : या माणसांनी अडचणीतून वाट कशी काढली?

वाट अशी काढली की शिपायाचे तुकडे केले. डोके वेगळे, पाठपिशवी वेगळी, कुठे हात बंदुकीसकट वेगळे. सगळे एका चौकटीत, चौकटीला काडीने जोडलेले. डोके कॉलरवर बसवले की हनुवटीखाली जी फट राहते ती कुठल्याच साच्याने दिलेली नाही. ती जोडण्यातून आली. पाठपिशवी चिकटवली की तिच्या पट्ट्यांमागे अंधार येतो. म्हणजे जी सावली धातूला ओततानाच मिळते ती प्लास्टिकला माझ्या टेबलावर मिळते. सावलीचा हिशेब दोन्हीकडे पुरा होतो, फक्त तो कोणी पुरा करायचा ते बदलते.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि माझ्या मते ती या सगळ्या तुलनेचा गाभा आहे. धातूचा शिपाई हे मूर्तिकाराचे पुरे झालेले वाक्य आहे. मान किती वळवायची, वजन कुठल्या पायावर, थकवा खांद्यात की गुडघ्यात, हे सारे त्याने ठरवून टाकले आहे. माझा धातूचा शिपाई पहाटेपासून चिखलातून चालतो आहे हे त्याच्या उजव्या टाचेवरून कळते. ती नीट उचललेलीच नाही. मान, खांदा, टाच यांतून एकच शीण वाहतो, कारण तो एका बैठकीत, एका गोळ्यातून घडला. प्लास्टिकच्या शिपायाच्या मानेला हे माहीत नसते की आपण कोणत्या धडावर बसणार आहोत. तिला सगळ्या धडांवर शोभायचे आहे. म्हणून ती थोडी सार्वत्रिक, थोडी अलिप्त. मी ती एक अंश डावीकडे फिरवून चिकटवली तर क्वचित एखादा शिपाई असा जमून येतो की अंगावर काटा यावा. पण तो जमून आला तर माझ्या हातून, आणि बिघडला तरी माझ्याच. कित्येकांच्या माना मी मोडक्या बाहुलीसारख्या बसवल्या आहेत, त्याचे पाप नॉटिंगहॅमवर नको.

घडण्याच्या मापातही फरक आहे. धातूसाठीचा मूळ शिपाई परंपरेने प्रत्यक्ष मापातच घडवतात, २८ मिलिमीटरचा. निळी आणि पिवळी अशी दोन रंगांची इपॉक्सी पुट्टी मळली की हिरवी होते; तिच्यातून, सुईसारख्या हत्यारांनी. प्लास्टिकसाठी पेरी बंधू शिपाई तिप्पट मोठा घडवतात आणि तो लहान करून पोलादात उतरवला जातो. धातूवाल्याच्या चेहऱ्यावर म्हणूनच हत्याराचा एकेक स्पर्श मोजता येतो. डोळा म्हणजे एक खाच, मिशी म्हणजे दोन टोचे, पण ते दोन टोचे त्याच मापात विचार करून दिलेले. जो लहान मापात काम करतो तो काय गाळायचे हे शिकतो. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत कोरणारा कारागीर पापण्या मोजत बसत नाही. प्लास्टिकवाल्याच्या चेहऱ्यात सगळे आहे, नाकपुड्यासुद्धा, पण ते मोठ्याचे लहान केलेले आहे. तीन फुटांवरून पाहिले तर धातूचा चेहरा बोलतो, प्लास्टिकचा गप्प होतो. वॉरगेमिंगचे टेबल तीन फुटांवरूनच पाहायचे असते.

पेरी बंधूंपैकी मायकेलने, लढायांचे पुनरभिनय करण्याच्या नादात, फ्रान्समध्ये तोफेच्या अपघातात उजवा हात गमावला. पुढची सगळी घडण डाव्या हाताने शिकून केली. हे कळल्यावर मी दोन्ही हातांचे काम ओळखू येते का म्हणून जुने-नवे शिपाई पुष्कळ वेळ चाळले. आले नाही.

एवढे धातूचे गोडवे गाऊन झाल्यावर आता संगीन. धातूचा पक्ष इथे हरतो, आणि साफ हरतो. खऱ्या संगिनीचे पाते या मापात जवळजवळ केसाएवढे यायला हवे. पण पातळ खाचेत वितळलेला धातू पुरता शिरत नाही, आणि शिरला तरी ओतलेले ते पाते पहिल्याच बोटाने वाकते. म्हणून धातूच्या शिपायांच्या बंदुका जाड, संगिनी गाजरासारख्या, मनगटे पैलवानाची. वर्षानुवर्षे पाहून आमचे डोळे त्याला सरावले होते. प्लास्टिकची संगीन प्रथम पाहिली आणि कळले की चोवीस शिपायांच्या डोक्यांवर एक बारीक, चकाकणारे रान उभे राहायला हवे होते, ते आजवर कधी राहिलेच नव्हते. पोलादी साच्यात दाबाने शिरणारे पॉलिस्टायरिन त्या बारीक रेषेत जाते आणि तिथे टिकते. वॉटर्लूच्या समकालीन वर्णनांत संगिनींचा जो लखलखाट आहे तो टेबलावर आणला प्लास्टिकने.

घोड्याचेही तसेच. भरधाव घोडा घडवायचा तर त्याचे चारही पाय जमिनीवर कसे चालतील? पण धातूच्या घोड्याचे आणि स्वाराचे वजन एका पायावर टाकले तर आठवड्याभरात तो पाय लवतो. म्हणून धातूच्या घोड्यांखाली गवताचा एखादा सोयीस्कर झुबका असतो, नेमका पोटाला टेकणारा. झाडझुडूप नसलेल्या मैदानावर फ्रेंच चिलखती घोडदळाच्या प्रत्येक घोड्याखाली एकेक झुडूप! प्लास्टिकचा घोडा एका खुरावर धावतो आणि स्वार त्याला जड होत नाही. पाठीच्या कण्यावरून जाणारी शिवण मात्र घासून काढावी लागते, नाहीतर घोडा दोन अर्ध्यांचा आहे हे आयाळीतून उघड होते.

शिवणीवरून आठवले. दिवाळीत किल्ल्यावर ठेवायला आपण मातीचे मावळे आणतो त्यांच्या दोन्ही कुशींना पाहिले आहे का कधी? तीच शिवण. कुंभाराचा साचाही दोन अर्ध्यांचा. लहानपणी मी ती रेघ नखाने खरवडत बसे आणि रंग उडाला म्हणून ओरडा खात असे. पन्नास वर्षांनी तेच काम कानसीने करतो, आणि त्याला हौस म्हणतात.

कामाची मजाही दोन्हीकडे वेगळी. धातूच्या शिपायाच्या तुऱ्यातून, संगिनीतून हवा बाहेर जायच्या वाटांमधले केसासारखे तंतू निघालेले असतात, ते खुडायचे. तुकडे जोडायचे तर हातड्रिलने भोक, आत तार, वर सुपरग्लू, तरीही सांधा हा सांधाच राहतो. टेबलावरून पडला की तिथेच उकलणार. पॉलिस्टायरिनचा सिमेंट गोंद चिकटवत नाही, विरघळवतो. दोन्ही पृष्ठभाग क्षणभर पातळ होतात, एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा घट्ट होतात. सांधा उरत नाही. चाकूने मान कापून दुसऱ्या धडावर लावणे, बंदूक काढून काठी देणे, एका डब्यातून दुसऱ्या डब्यातली टोपी आणणे हे प्लास्टिकमध्ये संध्याकाळचे काम आहे. धातूत तेच शस्त्रक्रिया.

रंगाचे एक सांगतो. पावसाळ्यात पुण्यात स्प्रेचा प्रायमर मारू नये, दोन्ही द्रव्यांवर सारखीच बुरशीसारखी धूळ बसते. आणि हाताळून हाताळून धातूच्या शिपायाचा रंग जिथे प्रथम उडतो ते ठिकाण म्हणजे संगिनीचे टोक. तिथून खालचा धातू चमकतो. रंगकामातला हा एकच दोष मला माहीत आहे जो होऊन गेल्यावर चित्र सुधारते.

आता या दोघांना एकटे पाहणे सोडून देऊ. कारण हे एकट्याने पाहण्याचे शिपाई नव्हेतच. कपाटातल्या काचेआडच्या मूर्तीला आणि टेबलावरच्या शिपायाला एकच कसोटी लावू नये. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये विल्यम सिबोर्नची वॉटर्लूची प्रतिकृती आहे, १८३८ मध्ये लोकांसमोर मांडलेली, शिसे-कथलाच्या सुमारे ७५,००० इवल्या शिपायांची. त्यातला एक उचलून पाहिला तर तो म्हणजे ठिपका. पण त्या ठिपक्यांकडे वरून पाहिले की धूर नसतानाही धुराचा वास येतो. सौंदर्याचे एकक तिथे शिपाई नाही, रांग आहे. माझ्या टेबलावर ते एकक २४ शिपायांची पलटण आहे.

चोवीस धातूचे शिपाई एकत्र उभे केले तर काय होते? प्रत्येकजण स्वतःचे वाक्य म्हणतो आहे. धातूचे शिपाई सहा-सहाच्या पुड्यांत येतात आणि त्यांत सहा वेगळ्या मुद्रा असल्या तरी चोवीसांत प्रत्येक मुद्रा चारदा येते. दमलेली ती उजवी टाच, जी मी एकट्या शिपायात एवढी वाखाणली, ती चारदा दिसली की अभिनय वाटू लागते. प्लास्टिकच्या शिपायाची अलिप्त मान इथे कामाला येते. तो रांगेत विरतो. त्याच्या मुद्रेत मागे राहण्याची सभ्यता आहे आणि नेपोलियनच्या काळची कवायती पलटण नेमकी अशाच माणसांची असते. एकाने मान वर काढली तर सार्जंट ती खाली करणार. मी तीस वर्षे उलटे समजत होतो. धातू भारी म्हणून धातूची पलटण भारी, असे मला वाटायचे. पलटण प्लास्टिकची भारी होते. तिच्या पुढचा माणूस धातूचा असावा.

याला जुने एक उदाहरण आहे. चार्ल्स ग्रँटच्या १९७१ च्या ‘द वॉर गेम’ या पुस्तकात अठराव्या शतकातल्या ज्या मोठमोठ्या पलटणी आहेत त्या स्पेन्सर स्मिथच्या प्लास्टिकच्या शिपायांच्या. साधे, जवळजवळ चेहरा नसलेले शिपाई. त्यांची फोटोंतली शिस्तबद्ध रांग पाहून अनेकजण या छंदात ओढले गेले. आज स्पेन्सर स्मिथचे तेच शिपाई मिळतात, पण धातूत ओतलेले! जी साधी मुद्रा प्लास्टिकने दिली तिच्या प्रेमात पडून लोकांनी ती कथलात करून घेतली.

पैशांचे थोडक्यात. रबराचा साचा स्वस्त, पोलादाचा भयंकर महाग. रबर काही शेकडा ओतींनंतर थकते, कडा बोथट होतात, मूळ शिपाई पुन्हा दाबून नवा साचा करावा लागतो. पोलादातून निघालेला लाखावा शिपाई पहिल्यासारखाच. त्यामुळे ज्या फौजा हजारो लोक गोळा करतात, रोमन, नेपोलियनच्या, अमेरिकन यादवीच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या, त्या प्लास्टिकमध्ये येतात. ज्यांच्यासाठी जगात शंभरएक वेडे असतील त्या रबरातच जगतात. माझ्याकडची मराठा फौज म्हणूनच धातूची आहे. मला २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई मांडायची आहे : पोलमनच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कवायती पलटणी, कैलना नदी, आणि तोफा गेल्या तरी तोफांपाशी राहिलेले गोलंदाज. कवायती पलटणींना प्लास्टिकची सपाट शिस्त शोभली असती. पण गोलंदाज धातूचेच हवेत. त्यांच्यातला एक गुडघ्यावर बसून तोफेच्या चाकाला टेकला आहे, त्याच्या छाती आणि चाकामधल्या सावलीसाठी मी जहाजाचे भाडे भरले.

टिकण्याचे काय, असे कोणी विचारतेच. जुने पॉलिथीन कधीकधी इतके ठिसूळ होते की बोटात मोडते. शिशाला ओकच्या कपाटातली आंबट हवा बाधते आणि त्यावर पांढरी भुकटी धरते. जुने शिशाचे शिपाई हाताळल्यावर हात धुवावेत हेही आहेच, पण १९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शिशाविरुद्ध कायद्याची हालचाल झाल्यापासून बऱ्याच ओतणाऱ्यांनी शिसे सोडले. शुद्ध कथील १३ अंशांच्या खाली दीर्घकाळ राहिले तर करडी माती होते, पण आपल्या हवेत ती भीती नको. माझे सगळे शिपाई स्टीलच्या कपाटात, दोन्ही जातींचे एकाच फळीवर.

या रविवारच्या खेळासाठी एक फ्रेंच पलटण उभी करतोय. अठरा प्लास्टिकचे, रंगून तयार. पुढच्या ओळीत सहा धातूचे : अधिकारी, निशाणवाला, दोन दाढीवाले जुने सैनिक, तो दमलेल्या टाचेचा शिपाई आणि ढोलवाला. धातूचे शिपाई प्लास्टिकपेक्षा थोडे उंच, म्हणून प्लास्टिकवाल्यांच्या पायांखाली पुठ्ठ्याचा एकेक पातळ तुकडा सरकवला, उंची जुळावी म्हणून. ढोलवाल्याची उजवी टिपरी पुन्हा वाकली आहे. पक्कड लावली तर वण उमटतो, म्हणून दोन नखांत धरून हळूहळू सरळ केली. ही चौथी वेळ. मनगटापाशी धातू किंचित पांढरट दिसतोय, म्हणजे तिथे तो थकलाय. अजून एकदा वाकेल, बहुतेक सरळही होईल. त्यानंतर तार.